मॉनिटर झोपून उठला की सगळ्या विंडो एकाच पडद्यावर: रोजच्या या पसाऱ्याचं काय करायचं

लक्षण असं. दोन किंवा तीन मॉनिटर. डावीकडे मेल आणि चॅट, मधे मुख्य काम, उजवीकडे संदर्भाची पानं. सगळं जागच्या जागी लावून तुम्ही फोनवर बोलायला उठता. वीस मिनिटांनी येऊन माउस हलवता, पडदे एकेक करून उजळतात, आणि डाव्या-उजव्या पडद्यावर नुसता वॉलपेपर. सगळ्या विंडो मधल्या पडद्यावर एकावर एक येऊन पडलेल्या. परत लावायच्या. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

मी यावर काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. ग्राफिक्स ड्रायव्हर काढून परत टाकला. केबल बदलली. एकदा तर वैतागून अख्खी विंडोज नव्याने टाकली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष संगणकात नव्हताच. तो होता मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत, खालच्या कडेच्या त्या अवघड बटणांनी जिथे पोचावं लागतं तिथे. सहा महिन्यांत मी तो मेनू एकदाही उघडला नव्हता.

(एक खुलासा: या लेखात ‘विंडोज’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. पडद्यावरच्या चौकटींना मी ‘विंडो’च म्हणणार, एक असो की दहा.)

आधी चाचणी, मग औषध

‘विंडो विस्कटतात’ या एका तक्रारीमागे निदान तीन वेगळे आजार असतात. मॉनिटर संगणकाच्या दृष्टीने खरोखर निघून जातो, हा पहिला. मॉनिटर असतो, पण संगणक एकाला दुसरा समजतो, हा दुसरा. आणि मॉनिटर जागेवर असतात, सगळं ठीक असतं, पण व्हर्च्युअल डेस्कटॉप (विंडोंचे वेगवेगळे गट करून त्यांत अदलाबदल करायची सोय) तुम्हाला वाटतं तसा वागत नाही, हा तिसरा. पहिल्याचं औषध तिसऱ्याला दिलं तर काहीच फरक पडत नाही.

पहिला ओळखायला दोन मिनिटं लागतात. ज्या मॉनिटरवर संशय नाही, त्यावर डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. वर 1, 2, 3 असे चौकोन दिसतील. आता संशयित मॉनिटर त्याच्याच पॉवर बटणाने बंद करा आणि चौकोनांकडे बघत राहा. दहा-पंधरा सेकंदांत एक चौकोन नाहीसा झाला, तर आजार सापडला. चौकोन तसाच राहिला, तर संगणकाला वाटतंय की मॉनिटर अजून जोडलेलाच आहे, आणि त्यावरच्या विंडो कुठेही जाणार नाहीत.

हीच चाचणी मग बटण न दाबता करा. म्हणजे पडदा बंद व्हायची वेळ तात्पुरती 1 मिनिट ठेवा आणि मॉनिटरला आपणहून झोपू द्या. काही मॉनिटर बटणाने बंद केले की ‘जातात’, पण नुसते झोपले तर जात नाहीत. काहींचं नेमकं उलट. तुमचा कुठल्या जातीचा आहे हे कळलं की अर्धं काम झालं. एक सावधगिरी: संगणकाचा तो ‘उपकरण निघालं’वाला आवाज आला म्हणजे मॉनिटरच गेला असं समजू नका. मॉनिटरमध्ये यूएसबी हब असेल तर तो हब बंद पडल्याचाही तोच आवाज येतो. मी यातच दोन दिवस फसलो होतो. चौकोन बघा, आवाज ऐकू नका.

मॉनिटर ‘जातो’ म्हणजे काय होतं

डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय, दोन्ही केबलांमध्ये चित्राच्या तारांखेरीज एक छोटी तार असते, ‘हॉट प्लग डिटेक्ट’. मॉनिटर जोडलेला आहे का, एवढंच सांगायचं तिचं काम. तीवर व्होल्टेज आहे तोवर संगणक म्हणतो, आहे. डिस्प्लेपोर्टच्या नियमांत हे अगदी मोजून दिलेलं आहे: व्होल्टेज साधारण 0.5 ते 1 मिलिसेकंद खाली गेलं तर त्याचा अर्थ ‘जरा लक्ष दे, काही सांगायचंय’. 2 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली राहिलं तर ‘केबल निघाली’.

आता वीज वाचवण्यासाठी बरेच मॉनिटर गाढ झोपेत जाताना आतली सगळी सर्किटं बंद करतात. त्यात ही तारही मेली की संगणकाला वाटतं, कुणीतरी केबल उपटली. मग तो जे करायला पाहिजे तेच करतो: नसलेल्या पडद्यावर विंडो ठेवून उपयोग काय, म्हणून त्या उरलेल्या पडद्यावर आणून ठेवतो. म्हणजे विंडोज काही विसरत नाही, ती तुमच्या विंडो हरवू नयेत म्हणूनच हलवते.

जुन्या व्हीजीए केबलच्या काळात ही कटकट नव्हती, कारण त्या केबलमध्ये अशी तारच नव्हती. एचडीएमआयमध्ये तार आहे, पण बऱ्याच मॉनिटरांत ती संगणकाकडूनच येणाऱ्या 5 व्होल्टला आतल्या आत जोडलेली असते. त्यामुळे मॉनिटर झोपला तरी ‘मी आहे’ हा निरोप जात राहतो. म्हणूनच तोच मॉनिटर, तोच संगणक, फक्त डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावली आणि त्रास गायब, असं पुष्कळांना दिसतं. टीव्ही मात्र यात धरू नका, ते बंद होताना काय करतील याचा नेम नसतो.

मॉनिटरच्या मेनूत काय शोधायचं

नावं प्रत्येक कंपनीची वेगळी. ‘डीप स्लीप’, ‘डीपी डीप स्लीप’, ‘पॉवर सेव्हिंग’, ‘इको स्टँडबाय’, यांपैकी काहीतरी असेल. ते बंद करा. दुसरी गोष्ट ‘ऑटो इनपुट’ किंवा ‘ऑटो सोर्स’. मॉनिटरला दोन संगणक जोडलेले असतील तर तो सिग्नल गेला की दुसऱ्या इनपुटवर शोधायला जातो, आणि काही मॉनिटर त्या धावपळीत पहिल्या इनपुटची ‘मी आहे’ची तार सोडून देतात. इनपुट एकच असेल तर हेही बंद करा, त्याचा तसाही उपयोग नाही.

एवढं केल्यावर चौकोनाची चाचणी परत करा. माझ्या तीनपैकी दोन मॉनिटरांचं काम इथेच झालं. झोपेत वीज थोडी जास्त जाते, ते मला चालतं.

तिसऱ्यात असा पर्यायच नव्हता. त्याला मी एचडीएमआयवर नेलं. यात एक खोच आहे. मॉनिटर 4के असेल आणि संगणकाचा किंवा मॉनिटरचा पोर्ट जुना एचडीएमआय 1.4 असेल तर 30 हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला 30 चित्रंच, मिळतात. माउस हलवताना तो जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा दिसतो. 60 हर्ट्झसाठी दोन्ही टोकांना आणि केबललाही एचडीएमआय 2.0 झेपायला हवं.

एचडीएमआयही जमत नसेल तर ईडीआयडी एम्युलेटर नावाचं बोटभर यंत्र मिळतं. ते केबल आणि पोर्टच्या मधे बसतं, मॉनिटरची ओळख स्वतःकडे साठवून ठेवतं आणि संगणकाला अखंड सांगत राहतं की मॉनिटर आहे. इलाज पक्का, पण मला तो शेवटचाच वाटतो. कारण मग तुम्ही मॉनिटर खरोखर बंद ठेवून काम करायला बसलात तरी संगणकाच्या लेखी तो चालूच असतो. नवी विंडो त्या काळ्या पडद्यावर उघडते आणि तुम्ही प्रोग्राम सुरू का होत नाही म्हणून चरफडत बसता.

विंडोजमधल्या दोन टिकमार्क

विंडोज 11 वापरत असाल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि खाली ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडा. तिथे ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ ही टिक असायलाच हवी. मॉनिटर परत आला की त्याच्या विंडो त्याच्याकडे पाठवायचं काम ही करते. विंडोज 10 वर ही सोय नाही. त्यावर असाल तर मॉनिटरचा मेनू हाच खरा उपाय.

तिच्याशेजारची ‘मिनिमाइज विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिसकनेक्टेड’ ही टिक ज्याच्या-त्याच्या सवयीप्रमाणे. ती चालू असेल तर गेलेल्या मॉनिटरवरच्या विंडो दुसऱ्या पडद्यावर न कोसळता टास्कबारवर मिटून बसतात. डेस्कवरचा लॅपटॉप उपसून रोज मीटिंगला नेणाऱ्यांना ही सोय आवडेल. मॉनिटर नसतानाही त्याच विंडोंमध्ये काम करायचं असेल तर ती प्रत्येक विंडो हाताने उघडत बसावं लागतं. मी बंद ठेवली आहे.

टिक असूनही काही वेळा मांडणी परत येत नाही. माझ्याकडे हे तेव्हा होतं, जेव्हा मी घाईत केबल वेगळ्या पोर्टात खोचतो. ‘बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ हे शब्द शब्दशः घ्या: पोर्ट बदलला की विंडोजच्या लेखी जोडणी नवी. केबलला आणि पोर्टला एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवणं हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय. डॉक (लॅपटॉपला एकाच केबलने मॉनिटर वगैरे जोडणारा डबा) असेल तर झोपेतून उठताना उशीर होतो; संगणक जागा होतो, एकच मॉनिटर दिसतो, तो विंडो आवरायला घेतो, आणि मग बाकीचे मॉनिटर डोळे चोळत येतात. अशा वेळी माउस लगेच सरसावू नका. सगळे पडदे येऊ द्या, पाच-सात सेकंद थांबा, बऱ्याचदा विंडो आपल्या जागी परत उड्या मारतात.

विंडोंचा आकारही बदलत असेल तर स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते, तपासा. लॅपटॉपच्या पडद्यावर 150 टक्के आणि बाहेरच्या मॉनिटरवर 100 टक्के असेल, तर इकडून तिकडे ढकलल्या गेलेल्या विंडोचा आकार पुन्हा मोजला जातो, आणि जुने प्रोग्राम त्यात गडबडतात. दोन्हीकडे एकच टक्केवारी ठेवता आली तर उत्तम. नाही आली तर सोसा. रिमोट डेस्कटॉपचंही तेच. बाहेरून लॅपटॉपवरून या संगणकात शिरलात की त्याच्या विंडो लॅपटॉपच्या एका पडद्यात कोंबल्या जातात आणि परत डेस्कवर आल्यावर तशाच कोंबलेल्या सापडतात. यावर मला समाधानकारक उपाय मिळालेला नाही.

मॅकवर डावा-उजवा अदलाबदल

दुसरा आजार एकसारखे दोन मॉनिटर घेणाऱ्यांना होतो, आणि मॅकवर जास्त जाणवतो. झोपेतून उठल्यावर डाव्याचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख 128 बाइटच्या एका तुकड्यात सांगतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. त्यात अनुक्रमांकासाठी 4 बाइट राखून ठेवलेले आहेत. पण काही कंपन्या त्या जागी सगळ्या मॉनिटरांना एकच आकडा देतात किंवा चक्क शून्य. मग जुळ्यांपैकी कोण कोण, हे संगणकाने ओळखावं कसं? जो आधी जागा झाला तो पहिला. एक मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर किंवा यूएसबी-सीवर आणि दुसरा एचडीएमआयवर लावून बघा. बऱ्याच मॉनिटरांत दर इनपुटचा ईडीआयडी थोडा वेगळा असतो, तेवढ्याने जुळे वेगळे होतात.

मॅकचा आणखी एक स्वभाव सांगायलाच हवा. एका डिस्प्लेपोर्टवरून साखळीने दोन मॉनिटर जोडण्याची जी एमएसटी पद्धत आहे, ती मॅकओएस पडदा वाढवण्यासाठी वापरत नाही. अशा डॉकवर दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दिसतं. तो बिघाड नाही, त्यामागे वेळ घालवू नका. थंडरबोल्टचा (यूएसबी-सीच्याच आकाराच्या वेगवान जोडणीचा) डॉक किंवा दुसरी स्वतंत्र केबल लागेल.

व्हर्च्युअल डेस्कटॉप: भांडण अपेक्षेचं

आता तिसरा प्रकार. इथे काहीच बिघडलेलं नसतं. एक उदाहरण घ्या. दुसऱ्या मॉनिटरवर चॅट कायम दिसायला हवी, आणि पहिल्या मॉनिटरवर तुम्ही डेस्कटॉप 1 वरून 2 वर जाता. विंडोजवर विंडोज-कंट्रोल-उजवा बाण दाबला की दोन्ही मॉनिटर एकदम बदलतात. चॅट गायब. तुम्हाला वाटतं, विंडो हरवली. ती पहिल्या डेस्कटॉपवर शांत बसलेली असते.

विंडोजमध्ये डेस्कटॉप म्हणजे सगळे मॉनिटर मिळून एक मांडणी. मॅकवर 2013 च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ अशी सोय आहे. ती चालू असेल तर प्रत्येक मॉनिटरचे डेस्कटॉप वेगळे. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मूळ सेटिंग अशी की फक्त मुख्य मॉनिटरचे वर्कस्पेस (तिथले व्हर्च्युअल डेस्कटॉप) बदलतात, बाकीचे मॉनिटर स्थिर. तीन घरच्या तीन पद्धती. एकीकडून दुसरीकडे गेलेला माणूस पहिला महिनाभर विंडो शोधत फिरतो.

विंडोजवर ग्नोमसारखा स्थिर दुसरा मॉनिटर हवा असेल तर युक्ती आहे. विंडोज-टॅब दाबा, चॅटच्या चित्रावर राइट क्लिक करा आणि ‘शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स’ निवडा. दुसऱ्या मॉनिटरवरच्या प्रत्येक विंडोला असं एकदा केलं की डेस्कटॉप बदलताना फक्त पहिला मॉनिटर हलतो. त्याच मेनूत खाली ‘शो विंडोज फ्रॉम धिस ॲप ऑन ऑल डेस्कटॉप्स’ आहे. चॅटला ते चालेल. ब्राउझरला चुकूनही लावू नका. मी लावलं होतं. चार डेस्कटॉपवर मिळून ब्राउझरच्या अकरा विंडो होत्या, त्या सगळ्या सगळीकडे दिसायला लागल्या आणि डेस्कटॉप वेगळे करण्याचा मुद्दाच संपला.

टास्कबारवर विंडो दिसत नाही अशी तक्रार असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, मल्टिटास्किंगमध्ये जा. टास्कबारने आणि ऑल्ट-टॅबने फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवायच्या की सगळ्यांच्या, हे तिथे वेगवेगळं ठरवता येतं. माझी पसंती: टास्कबार फक्त चालूचा, ऑल्ट-टॅब सगळ्यांचा. समोर गर्दी होत नाही आणि शोधताना काही सुटत नाही.

मॅकवाल्यांनी सेटिंग्जच्या डेस्कटॉप अँड डॉकमधलं ‘ऑटोमॅटिकली रीअरेंज स्पेसेस बेस्ड ऑन मोस्ट रिसेंट यूज’ आजच बंद करावं. ते मुळात चालूच येतं, आणि तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला डेस्कटॉप वापरलात म्हणून दुसऱ्या क्रमांकावर सरकवून ठेवतं. हाताला लागलेल्या सवयीशी इतका वैरभाव का, देव जाणे. शिवाय डॉकमधल्या (इथे डॉक म्हणजे मॅकच्या पडद्यावरची आयकॉनची पट्टी) आयकॉनवर राइट क्लिक करून ‘ऑप्शन्स’मध्ये ‘असाइन टू’ने एखादं ॲप ठरावीक डेस्कटॉपला बांधता येतं. ‘सेपरेट स्पेसेस’ बदललंत तर लॉग आउट करून परत यावं लागतं, आणि ते बंद असतानाच एक विंडो दोन मॉनिटरांवर पसरवता येते, हेही ध्यानात ठेवा.

लिनक्सवर केडीई (ग्नोमसारखाच दुसरा डेस्कटॉप) वापरणारे सुखी. टायटल बारवर राइट क्लिक, ‘मोअर ॲक्शन्स’, ‘कॉन्फिगर स्पेशल विंडो सेटिंग्ज’. तिथे अमुक प्रोग्राम अमुक पडद्यावर, अमुक डेस्कटॉपवर उघडेल असा नियमच लिहिता येतो. वेलँडवर (लिनक्सची पडद्यावर विंडो दाखवायची नवी पद्धत) एखादा प्रोग्राम स्वतःची जागा लक्षात ठेवत नसेल तर त्याला दोष देऊ नका. वेलँडमध्ये प्रोग्रामला स्वतःची जागा ठरवायचा अधिकारच नाही.

रिस्टार्टनंतरचा शुकशुकाट

विंडोज रिस्टार्ट झाली की व्हर्च्युअल डेस्कटॉपची संख्या आणि नावं टिकतात, आतल्या विंडो नाही. चार नावं असलेल्या चार रिकाम्या खोल्या. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत जोड-प्रोग्रामने हे बऱ्यापैकी सुसह्य होतं. त्यातलं फॅन्सीझोन्स पडद्याचे विभाग पाडून देतं. शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती विभागात चपखल बसते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘मूव्ह न्यूली क्रिएटेड विंडोज टू देअर लास्ट नोन झोन’ चालू करा. एखादीच विंडो झोनमध्ये बसायला तयार नसेल तर तो प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललाय का बघा. तसं असेल तर पॉवरटॉइजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावं लागतं.

2024 मध्ये पॉवरटॉइजमध्ये ‘वर्कस्पेसेस’ आलं. हवे ते प्रोग्राम हव्या त्या जागी मांडून एकदा टिपून ठेवायचे, मग एका क्लिकमध्ये सगळे तसेच उघडतात. मी डेस्कटॉपागणिक एक वर्कस्पेस केला आहे: आधी त्या डेस्कटॉपवर जायचं, मग त्याचा वर्कस्पेस सुरू करायचा, आणि शेवटची विंडो उघडेपर्यंत तिथेच थांबायचं. मधेच डेस्कटॉप बदललात तर उरलेल्या विंडो तुमच्या मागोमाग नव्या जागी उघडतात.

हरवलेली विंडो ओढून आणणं

शेवटी, वरचं काही करण्याआधी आत्ता, या क्षणी एखादी विंडो कुठेच दिसत नसेल तर. टास्कबारवर ती आहे, क्लिक केलं की चालूही होते, पण पडद्यावर नाही. ती नसलेल्या मॉनिटरवर अडकली आहे. आधी टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज-शिफ्ट-डावा बाण दाबून बघा. विंडो एकेक मॉनिटर सरकते. तेवढ्याने आली नाही तर ऑल्ट-स्पेस दाबा, मेनूत ‘मूव्ह’ निवडा. ‘मूव्ह’ पुसट असेल तर विंडो मॅक्सिमाइज झालेली आहे, आधी ‘रिस्टोअर’ निवडा. मग कीबोर्डवरचा कुठलाही बाण एकदाच दाबा. एवढं झालं की माउसचं बटण न दाबता तो नुसता हलवा: विंडो त्याला चिकटून येते. हव्या त्या जागी आणून एक क्लिक, की सुटली.